मृगाची मुदत

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय वाचून आपणांपैकीं कांहींना नवल वाटलें असेल. इतिहास म्हटला कीं, राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढें उभे राहतात. उकरलेल्या मातीला आणि तिच्यावर पडणाऱ्या पावसाला कसला आला आहे इतिहास? परंतु मुळशी तालुक्यांतील माले ह्या गांवीं राहून मास्तरकींत केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या माणसाला असें वाटूं लागलें आहे कीं, आमच्या मुलखाची हकीकत सांगावयाची तर ती माती आणि पाणी यांच्या तंट्याचीच हकीकत होय. मी इंजिनियर नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलें. भूगोल शिकवितां शिकवितां जें पाहिलें आणि वाचलें, तेवढ्याच भांडवलावर बोलणार आहें.

माले हें गांव पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशीच्या धरणाजवळ आहे. ह्या रस्त्याची गंमत अशी कीं, पुणें शहरांत वर्षाकांठीं पाऊस पडतो तो तीस इंचांच्या आसपास, आणि पश्चिमेकडे जावें तसतसा तो मैलागणिक वाढत ताम्हिणीस दोनशें इंचांच्याहि वर जातो. डोंगर काळ्या कातळाचे; कातळावर मुरूम, आणि मुरमावर तांबडी माती, तीहि कोठें हातभर तर कोठें वीतभर. कातळ पाणी पीत नाहीं. माती पिते, पण जितकें पिईल तितकी ती जड आणि सैल होते. ज्या उतारावर गवत, कारवी, जांभूळ, हिरडा यांचें आच्छादन आहे, तेथें पावसाचा थेंब आधीं पानावर आपटतो, मग गवतावर ओघळतो, आणि जमिनीला टेकतो तेव्हां त्याचा जोर सरलेला असतो. उघड्या मातीवर मात्र मोठा थेंब सेकंदाला सुमारें तीस फूट वेगानें येऊन आदळतो. मातीचे कण फुटतात, त्यांची खळ होऊन जमिनीचीं छिद्रें बुजतात, आणि मुरण्याऐवजीं पाणी वाहूं लागतें. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें जो धोंडा ढकलूं शकतें त्याचें वजन दुप्पट होत नाहीं, सुमारें चौसष्ट पट होतें. वर्गांत हा आकडा सांगितला कीं मुलें हसत. पुढें ओढ्यांत येऊन पडलेले धोंडे दाखविले म्हणजे तें हसणें थांबे.

हे आकडे आमच्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते. पण डोंगरउतारावर त्यांनीं जीं भातखाचरें घडविलीं, त्यांत ह्या सर्व ज्ञानाचें सार उतरलेलें आहे. उतार पायऱ्यापायऱ्यांनीं तोडावयाचा, म्हणजे पाण्याला वेग धरतां येत नाहीं. प्रत्येक बांधाला पाणी काढून देण्याचें तोंड ठेवावयाचें, तें वरच्या खाचराच्या तोंडाच्या रेषेंत नव्हे, बाजूला. आणि तेथें दगड बसवावयाचे. बांधाखालची ताल बिनचुन्याची, कोरड्या दगडांची असते. तिच्या फटींतून पाणी झिरपून जातें, आणि मागच्या पाण्याचा भार तिला अंगावर घ्यावा लागत नाहीं. आज काँक्रीटची भिंत बांधून तींत पाणी निघावयास भोकें न ठेवणारे कंत्राटदार पाहिले म्हणजे ह्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांची आठवण येते.

ह्या कौशल्याच्या जोडीला एक शिस्त होती, आणि आजच्या भाषणाचा खरा रोख तिच्यावरच आहे. ती शिस्त पंचांगाची. माती उकरावयाची ती शिमग्यानंतर, आणि रोहिणी संपून मृग लागण्याच्या आंत, म्हणजे जूनच्या ७ तारखेपूर्वीं, ती झांकावयाची किंवा दाबून बसवावयाची. जोत्याचा भराव, बांधाची दुरुस्ती, विहिरीची खोदाई, जें कांहीं मोकळें असेल त्याला मृगाची मुदत. ही मुदत कोणा सरकारनें घातलेली नव्हती. ती पावसानें घातली होती, आणि पाऊस बहुधा तिला धरून वागे.

महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत डोंगरावरून वाहून जाणाऱ्या मातीचा प्रश्न काढला आहे, आणि लष्करांतील व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून जागोजाग तालीबंधारे घालून पाणी मुरवावें अशी सूचना केली आहे. सूचना सव्वाशें वर्षांहून जुनी झाली. ती आतांच कोणी केली असें वाटावें इतकी ताजी आहे.

मृगाची मुदत मोठ्या यांत्रिक कामाला पहिल्यानें लागूं झाली ती आमच्या उत्तरेस, बोरघाटांत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें हा चढ १८५६ सालीं हातीं घेतला आणि १८६३ सालीं तो वाहतुकीस खुला झाला. लांबी सुमारें सोळा मैल, चढ १८३१ फूट, बोगदे पंचवीस. कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली हे होते. पहिला कंत्राटदार १८५९ सालीं बाजूस झाला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, काम हातीं घेतल्यावर थोड्याच दिवसांत मृत्यु पावला. आणि त्याच्या विधवेनें, ॲलिस ट्रेडवेल हिनें, तें कंत्राट सोडून न देतां जाणत्या इंजिनियरांच्या हातून पुरें करून घेतलें. १८६१ सालीं ह्या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. त्यांपैकीं किती पटकीनें मेले हें सांगणारी एखादी शिळा घाटांत असती तर बरें झालें असतें. पण आजच्या विषयापुरती गोष्ट अशी कीं, एवढें बळ, एवढी सुरुंगाची दारू आणि एवढा पैसा असतांहि काम वर्षांतून आठच महिने चाले. पावसाळ्याचे चार महिने डोंगराचे, असें त्या इंग्रजांनाहि मान्य करावें लागलें. रूळ पडल्यावरहि हिशेब मिटला नाहीं. जुलै १८६७ मध्यें, ऐन पावसाळ्यांत, घाटांतील महूकीमाळीचा दगडी पूल कोसळला. पुढें दीडशें वर्षांनीं, जुलै २०१५ मध्यें, त्याच घाटांतल्या नव्या द्रुतगति मार्गावर आडोशी बोगद्यापाशीं दरड मोटारींवर येऊन माणसें दगावलीं.

आमच्या मुळशींत मोठें बांधकाम आलें तें टाटा कंपनीच्या धरणाच्या रूपानें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे हीं नांवें आमच्याकडे अजून घरोघर घेतलीं जातात. तो लढा १९२४ च्या सुमारास मावळला, आणि १९२७ पर्यंत भिऱ्याच्या वीजघराला मुळशीचें पाणी मिळूं लागलें. ह्या लढ्याच्या न्यायान्यायाबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला येथें एकच परिणाम सांगावयाचा आहे, जो सहसा सांगितला जात नाहीं. पाण्याखालीं गेली ती खोऱ्याच्या तळाची सपाट, आंबेमोहोराची जमीन. जीं कुटुंबें मुलूख सोडून गेलीं नाहींत तीं वर सरकलीं, तळ्याच्या कांठच्या चढावर घरें बांधून राहिलीं, आणि ज्या उतारांना आजवर कुदळ लागली नव्हती ते उतार पोटासाठीं फोडले गेले. माणूस खालून वर ढकलला गेला कीं माती वरून खालीं येऊं लागते.

त्यानंतर १२ जुलै १९६१. माझ्या जन्माच्या आगेमागेची ही गोष्ट. लहानपणीं मोठ्या माणसांच्या तोंडून ती इतक्या वेळां ऐकली आहे कीं पाहिल्यासारखी वाटते. पुण्याच्या नैर्ऋत्येस अंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधलें जात होतें. ठरलेल्या मुदतीच्या आधींच त्या पावसाळ्यांत पाणी अडवावें असें ठरलें. भराव उंच चढला होता, परंतु धरणाच्या पोटांतून पाणी बाहेर काढण्याच्या मोरीचें काम अपुरें होतें. जुलैच्या आरंभीं जोराचा पाऊस झाला, तळें भराभर भरलें, मोरीवरचा भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून खचणारी जागा उंच राखली. सकाळीं धरण फुटलें. तें पाणी १८७९ सालीं पुरें झालेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर आलें, आणि दुपारपर्यंत तेंहि फुटून नदीकांठचें पुणें पाण्याखालीं गेलें. शनिवार, नारायण, कसबा ह्या पेठांतून पुढें कित्येक वर्षें भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ दाखवीत असत.

ह्या प्रकरणाची चौकशी झाली, दोष कोणाचा यावर बराच वाद झाला. त्या वादांत मी शिरत नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांत जें दिसतें तें असें: पुरें झालेलें मातीचें धरण पावसाला भीत नाहीं; अर्धवट असलेलें तेंच धरण पावसापुढें निराधार असतें. पाणी जाण्याची वाट आधीं पुरी झाली पाहिजे आणि भराव मागाहून चढला पाहिजे. पानशेतला हा क्रम उलटा झाला. हाच उलटा क्रम आज डोंगरावरच्या लहानमोठ्या बांधकामांवर मी रोज पाहतों. रस्ता आधीं कापतात, प्लॉट आधीं सपाट करतात, आणि गटार शेवटीं, पैसे उरले तर.

शेताच्या मातीसाठीं ह्या प्रांतांत कायदा झाला तो १९४२ सालीं, मुंबई जमीनसुधारणा योजनांचा. त्याच्या आधारें सोलापूर, विजापूर ह्या दुष्काळी भागांत समपातळी बांध घातले गेले. घर बांधतांना वाहून जाणाऱ्या मातीकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं, कारण घरें गांवांत होत आणि गांवें सपाटीवर असत. ही स्थिति १९९६ नंतर पालटली. त्या वर्षीं राज्य सरकारनें गिरिस्थानांच्या विकासासाठीं खास नियम केले, आणि २००१ मध्यें मुळशी व वेल्हे तालुक्यांतील अठरा गांवें त्याखालीं आलीं. मोसे नदीच्या खोऱ्यांत, वरसगांव धरणाच्या पाण्याभोंवतीं, लवासा नांवाचें शहर उभें राहूं लागलें. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें त्याला नोटीस दिली, डोंगर कापण्याबद्दल आक्षेप निघाले, आणि वर्षभरानें अटी घालून पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली. तें शहर पुरें झालें नाहीं. पण त्याचा कित्ता पुष्कळांनीं गिरविला, आणि धरणाचें पाणी दिसेल अशा प्रत्येक उतारावर आज बंगल्यांचे प्लॉट पडत आहेत.

ह्यांत धोका काय, असें पुण्यामुंबईची मंडळी मला विचारतात. त्यांना मी माळीणचें नांव सांगतों. आंबेगांव तालुक्यांतील ह्या गांवावर ३० जुलै २०१४ च्या सकाळीं डोंगर येऊन पडला. चाळीसाहून अधिक घरें आणि दीडशेंच्या वर माणसें मातीखालीं गेलीं. गांव दिसेनासें झालें आहे हें पहिल्यानें लक्षांत आलें तें एस. टी. च्या गाडीवानाच्या. त्या भागांत पडकई म्हणून एक जुनी चाल आहे: गांवकरी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीनें राबून उतारावर हातानें पायऱ्या पाडतात. ती चाल सरकारी योजनेंत आल्यावर यंत्रांनीं डोंगर सपाट केले गेले व म्हणून तो खचला, असा एका पक्षाचा आरोप. अतिवृष्टि आणि डोंगराची ठेवण हींच कारणें पुरेशीं आहेत, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. मला दोन्ही पक्ष एकाच वाक्याचे दोन तुकडे सांगतात असें वाटतें. पाऊस घाव घालतो; पण तो कोठें बसेल हें उतारावर काय केलें आहे यावरहि अवलंबून असतें.

आतां त्या पावसाकडे वळूं. आमच्या लहानपणच्या पावसाची बढाई प्रत्येक म्हातारा मारतो, म्हणून माझ्या आठवणी बाजूला ठेवतों. पुण्यांत पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं १९५० ते २०१५ पर्यंतच्या नोंदी तपासून २०१७ मध्यें असें दाखविलें कीं, पश्चिम किनाऱ्यालगतच्या भागापासून ओडिशापर्यंतच्या मध्य पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले आहेत. त्याच काळांत मान्सूनचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाहीं. कारण समजावयास अवघड नाहीं. हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते; समुद्रावरून भरून आलेली ती हवा घाटाला थडकली कीं जें सांडतें तें एकदम सांडतें. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशीं महाडजवळचें तळिये दरडीखालीं गेलें. २५ जुलै २०२४ ला आमच्या ताम्हिणीस चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर, म्हणजे सुमारें बावीस इंच. पुण्याच्या पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसांत. त्या दिवशीं मुळशींतल्या आदरवाडीपाशीं दरडीखालीं एकाचा जीव गेला, आणि लवाशांत बंगल्यांवर डोंगराची माती आली.

इतकें होऊनहि मृगाची मुदत शाबूत असती तर कामाची शिस्त तरी टिकली असती. ती मुदतहि गेली. २०२५ सालीं मान्सून २४ मे रोजीं केरळांत आणि २६ मे रोजीं मुंबईपुण्यास येऊन ठेपला. मुंबईस तो नेहमीपेक्षां सोळा दिवस आधीं आला. घाटाकडच्या कंत्राटदारांनीं मेअखेरचा हिशेब धरून उकरून ठेवलेले उतार, पायाचे खड्डे, रस्त्यांच्या कडेला लोटलेले मातीचे ढीग, सारें उघडें असतांना त्याच्यावर पाऊस पडला. बोरघाटाच्या इंग्रजानें आणि मावळच्या कुणब्यानें ज्या एका गोष्टीवर भिस्त ठेवली, ती गोष्ट, म्हणजे आठ महिने कोरडे मिळतील हा भरंवसा, आतां धरतां येत नाहीं. आमचें मातीचें संरक्षण हें मुख्यतः पंचांगाचें होतें, बांधकामाचें नव्हतें. पंचांग डळमळलें कीं तें उघडें पडलें.

गटारांच्या गणिताचीहि हीच गत. पाणलोटाचें क्षेत्र, पावसाचा जोर आणि जमीन किती पाणी वाहूं देते तें प्रमाण, ह्या तिहींच्या गुणाकारानें पाणी मोजण्याची रीत मल्व्हनी नांवाच्या आयरिश इंजिनियरानें १८५१ च्या सुमारास मांडली. ती आजहि जगभर चालते. रीत खरी आहे. पण तींत पावसाचा जोर म्हणून जो आंकडा घालावयाचा तो जुन्या नोंदींतून घेतलेला असतो, आणि जुना पाऊस हा नव्या पावसाचा जामीन राहिलेला नाहीं. शिवाय हीं गटारें पुऱ्या झालेल्या वसाहतीसाठीं मोजतात. वसाहत बांधली जात असतां, उतार नागडा असतां, पाणी व गाळ सर्वांत अधिक वाहतो, त्या दोनतीन वर्षांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

अमेरिकेंत तो मांडला गेला आहे. तेथील १९७२ च्या जलशुद्धि कायद्याखालीं १९९० मध्यें पांच एकर व त्याहून मोठ्या, आणि १९९९ मध्यें एक एकरापर्यंतच्या बांधकामांना, जमीन उकरण्यापूर्वीं पावसाच्या पाण्याची व गाळाची योजना तयार करावी लागेल असें ठरलें. आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते ती वीस हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढें. दहा गुंठ्यांत डोंगर कापून बंगला बांधणाऱ्याला तिच्याकडे पाहण्याचें कारण नाहीं. अशा पन्नास बंगल्यांची एक ओळ झाली तरी प्रत्येकजण एकटाच असतो.

दहा गुंठ्यांचाच हिशेब करूं. २०२४ च्या त्या दिवसाचा पाऊस दहा गुंठ्यांवर पडला तर पाणी होतें सुमारें साडेपांच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नासाहून अधिक टँकर. हें झालें त्या जागेवर पडलेलें. वरच्या डोंगरावरून येणारें वेगळें, आणि पहिल्यानें बंदोबस्त करावयाचा तो ह्या वरच्या पाण्याचा. कापलेल्या उताराच्या माथ्यावर समपातळींत, किंचित् उतार देऊन चर खणावा, त्याला दगडाचें अस्तर द्यावें, आणि डोंगराचें स्वच्छ पाणी कामाला स्पर्श न करूं देतां बाजूच्या नैसर्गिक ओढ्यांत सोडावें. हा चर पाया खणण्याच्या आधीं झाला पाहिजे. पानशेतची मोरी आठवावी. जितकी माती पंधरा दिवसांत झांकतां येईल तितकीच उकरावी, मग महिना कोणताहि असो. उघड्या उतारावर पेंढा अंथरून वर काथ्याची जाळी खिळवावी, कडेनें वाळा लावावा, कारण त्याचीं मुळें हातांमागून हात खोल जातात. ह्या सर्वांना येणारा खर्च अंदाजपत्रकांत पहिल्या पानावर लिहिलेला असावा. शेवटच्या पानावरच्या गोष्टी आमच्या देशांत होत नाहींत.

आणि खालच्या कडेला गाळाचें कुंड. गढूळ पाणी त्यांत थांबून गाळ बसावा आणि वरचें पाणी पुढें जावें, एवढाच त्याचा उपयोग. नाहींतर तो गाळ खालच्या माणसाच्या खाचरांत आणि शेवटीं मुळशीच्या तळ्यांत जातो. कुंडाला सांडवा हवाच, दगडांनीं बांधलेला, आणि अशा बाजूला कीं कुंड भरून वाहिलें तरी पाणी खालच्या घराच्या पाठीवर जाणार नाहीं. कारण आतांच्या पावसांत तें केव्हांतरी भरून वाहणार हें धरूनच चालावें. कुंडांत एक बांबू रोवून त्याच्या निम्म्या उंचीवर तांबड्या रंगाची पट्टी मारावी. गाळ पट्टीला लागला कीं कुंड उपसावें. पावसाळा संपण्याची वाट पाहूं नये. माल्याच्या आसपास दोन ठिकाणीं अशी पट्टी मारलेली मीं पाहिली आहे, आणि गेल्या पावसाळ्यांत तीं कुंडें जुलैच्या एका महिन्यांत तीनदां उपसावीं लागलीं.